पाच खटके

खटकेमामा पक्ष्याकडे पाठ करून उभे राहत. तापीच्या काठी त्यांची केळीची बाग होती आणि बागेखालच्या दरडीत दर हिवाळ्यात शृंगी घुबडाची मादी अंडी घालत असे. मला तिच्यापर्यंत तेच नेत. पण मी कॅमेरा उचलला, की स्वतः नदीकडे तोंड फिरवीत. "बाळंतिणीकडे दोघादोघांनी काय बघायचं, भाऊ?" असे त्यांचे म्हणणे.

नियम एकच होता: पाच खटके. माझ्या जुन्या डीएसएलआरमधला आरसा खाडकन उचलला जाई. तो आवाज ते बोटांवर मोजत. पाचवे बोट मिटले, की "बस, भाऊ. पाहुण्यानं पोट भरायच्या आधी उठावं," म्हणून चालू लागत. एकदा माझ्याकडून चुकून सहावा खटका पडला, तर पुढच्या वर्षी चारच मिळाले. खटकेमामा हे नाव मीच ठेवलेले. त्यांनी ते कौतुकाने बायकोला सांगितले, "ऐकलं का, माझं आडनाव बदललं!" मामी आतूनच म्हणाल्या, "म्हणजे आता माझंही आधार कार्ड नवं काढा."

पन्नाशी उलटल्यावर खांदा दुखू लागला, म्हणून मी बिनआरशाचा, मिररलेस कॅमेरा घेतला. वजनाला हलका, पक्ष्याचा डोळा आपोआप हेरणारा आणि हवे तर पूर्णपणे मुका. घुबडाला त्रास नको म्हणून मी आवाज बंद केला, अशी मी मनाची समजूत घातली. ते खरे असते, तर मी मामांना आधी सांगितले असते.

त्या सकाळी मामा नेहमीप्रमाणे पाठमोरे, बोटे उघडी ठेवून उभे होते. मी बटण दाबूनच धरले. मादी अंड्यांवर बसली होती. मग तिने माझ्याकडे रोखून पाहिले. मग ती उठली आणि उडाली. मी सारे टिपले. मामांचे एकही बोट मिटले नव्हते.

"काढा ना, भाऊ. थांबले कशाला?"

"झाले, मामा. दोनच काढले."

"दोन? मला तर एक पण ऐकू नाही आला." त्यांनी कानात करंगळी घालून हलवली. "म्हातारपण. दुसरं काय!"

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. महिन्याभराने मामींनी फोनवर सांगितले, की ते रोज कानात लसणाचे तेल सोडतात आणि विहिरीवरची मोटर चालू आहे की नाही, हे शेजाऱ्याला विचारतात. तेव्हाही मी खरे काय ते सांगितले नाही.

पावसाळा सरल्यावर बुऱ्हाणपुरात माझ्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. मामांना मीच बोलावले होते. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. कदाचित पकडले जावे, अशीच इच्छा असेल. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि घुबडाच्या चित्रांपुढे थांबले. एकेक बोट मिटू लागले. एक हात संपला. दुसराही संपला. अकराव्या चित्रात अंडी उघडी, उन्हात पडली होती.

मी शिव्यांची वाट पाहत उभा होतो.

"म्हणजे माझे कान ठीक आहेत," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात क्षणभर सुटकेचा आनंद होता, आणि मला सोसवला नाही तो तोच. मग ते जिना उतरून गेले.

पुढच्या हिवाळ्यात मी जुना कॅमेरा घेऊन बागेत गेलो. मामांनी पाणी दिले, केळी दिली, घरची खुशाली विचारली. दरडीचा विषय त्यांनी काढला नाही; मलाही धीर झाला नाही. निघताना ते बांधापर्यंत सोडायला आले. मी बरेच अंतर गेल्यावर वळून पाहिले. ते तिथेच उभे होते, माझ्याकडे तोंड करून. त्या दिवशी त्यांनी एकदाही माझ्याकडे पाठ केली नव्हती.