बसल्या जागेची जवारी

भिवा, लोक घर सोडून शहरात येतात. माझं उलटं झालं. मी पाचोडच्या बोर्डिंगच्या फाटकात उभा राहिलो आणि घरच मला सोडून पुढं निघून गेलं. दिवाळी नुकती झाली होती. आधी मेंढरं गेली, मग कुत्री, मागून दोन घोड्या. एका घोडीवर भांडी, घोंगड्या, मेंढरं कोंडायच्या जाळ्या आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. दुसरीवर माय, आणि तिच्या पुढ्यात तू, शेंबूड ओढत बसलेला. बा कडेनं चालत होता. मागं वळून तो एवढंच म्हणाला, "मास्तरचं ऐक. आन् कुणी घर इचारलं तर सांग, हाय म्हणावं, फिरतं हाय."

मी रडलो नाही. आत भात शिजत होता, त्याचा वास येत होता आणि मला भूक लागली होती. शेवटचं मेंढरू बाजारतळाच्या वळणाआड जाईपर्यंत उभा राहिलो आणि पळत आत गेलो.

हे तुला लिहितोय, आणि आपल्यातली जी पोरं आता वाळूजच्या कंपन्यांत आणि पुण्याच्या फ्लॅटांत जाऊन राहिलीत, त्यांनाही. मध्यंतरी त्यातल्या एकाचा फोन आला. "काका, भाड्यानंच राहू का घर घेऊन टाकू? तुम्ही तर दोन्ही केलंय." मी मोठ्या शहाण्यासारखा त्याला हप्ते, व्याज, पाण्याची सोय असं बरंच ऐकवलं. जे सांगायला पाहिजे होतं ते गिळलं. कारण त्याची मला अजून लाज वाटते, आणि फोनवर लाज सांगता येत नाही.

पोरांना आपली रीत माहीत नसेल, म्हणून आधी ती सांगतो. आपली मेंढरं ज्याच्या वावरात रात्री बसायची, तो शेतकरी आपल्याला धान्य द्यायचा. मेंढरांच्या लेंड्यामुतानं त्याच्या जमिनीला खत मिळायचं, त्याचा तो मोबदला. सकाळी निघताना बा वावराच्या कडेला घोंगडं पसरायचा, मालक येऊन त्यावर मापानं जवारी ओतायचा, आणि मग तळ हलायचा. दान नाही, उपकार नाही. पैठण रोडला चितेगावच्या अलीकडं एका पाटलाचं वावर होतं, विहिरीला लागून मोठा लिंब होता, तिथं आपण दर हिवाळ्यात बसायचो. पाटील स्वतः यायचा, माप शिगोशिग भरायचा आणि बाला म्हणायचा, "पुढल्या साली चुकू नका बरं." त्याच जवारीच्या भाकरी खाऊन आपण दोघं वाढलो.

शिक्षण संपलं तसा मी औरंगाबादेत आलो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. शहागंजात एका दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. मालक म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या घराची गावाकडं मोठी शेती होती. निजामाचं राज्य संपलं त्या पोलीस ॲक्शननंतर ती गेली आणि हे शहागंजातलं घर तेवढं उरलं. खाली दुकान, वर आम्ही चार भाडेकरू, मधे चौक. मी कंपनीत स्टोअरला लागलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालायचो, आणि शेजारच्या खोल्यांतल्यांना सांगितलं होतं की आमची शेती आहे.

एकदा बा लोकर विकायला शहागंजात आला आणि मुक्कामाला माझ्याकडं राहिला. सकाळी मी दाढी करत होतो. खाली चौकात आवाज आला म्हणून डोकावलो, तर बानं चौकाच्या मधोमध घोंगडं पसरलेलं, आणि चाचांपुढं उभा राहून तो विचारत होता, "पोरगं दोन सालं झाली बसलंय तुमच्या जागंवर. धान्याचं काय ठरलंय?"

बाला कुणी सांगितलंच नव्हतं की शहरात जो बसतो तोच पैसे मोजतो. मीही नाही. जिन्यावर उभे असलेले भाडेकरू तोंडाला रुमाल लावून हसत होते. माझ्या गालावर साबण तसाच. वाटलं, आत्ता हा जिना खचावा आणि सगळे त्याखाली जावेत, मला धरून. चाचांनी एकवार वर माझ्याकडं पाहिलं, एकवार घोंगड्याकडं, आणि म्हणाले, "हौ, हमारे खेतां में भी बैठते थे. ठैरो जरा." आत गेले आणि जवारीची पायली भरून आणली. नीट ओतली. बानं घोंगड्याची चारी टोकं बांधली, त्यांना रामराम घातला आणि खुशीत बसस्टँडकडं गेला. त्या महिन्याचा किराया द्यायला गेलो तेव्हा चाचा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मीच दोन महिन्यांत खोली बदलली.

मग लग्न झालं, आणि सुनंदाला घेऊन मी या मोहल्ल्यातून त्या मोहल्ल्यात फिरत राहिलो. तिचं बालपण गावातल्या पक्क्या घरात गेलेलं. तिनं तेलाच्या डब्यात कढीपत्ता लावला होता, तो आमच्याबरोबर तीन घरं फिरला. प्रत्येक नवा मालक पहिला प्रश्न विचारायचा, "तुम्ही कोण?" आणि मी दर वेळी त्याला बरं वाटेल असं काहीतरी गुळमुळीत सांगायचो. सुनंदा वैतागायची. "हा डबा मी आणखी एकदाही उचलणार नाही. झाड एकदा जमिनीत लावायचंय मला." एक गोष्ट तिला कधी बोललो नाही. सामान हातगाड्यावर चढायला लागलं की मला आतून बरं वाटायचं. पुढं हातगाडा, मागं आम्ही, आणि रस्ता. घर घ्यायचं म्हटलं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. पण हे कारण बायकोला सांगायचं कसं? भाडं परवडतं, घाई काय, असलं काहीबाही सांगत मी चार-पाच वर्षं काढली.

शेवटी कंपनीतल्या सोबत्यांनी पैठण रोडला प्लॉट पडलेत म्हणून खबर आणली. कर्ज मिळत होतं. मी आणि सुनंदा स्कूटरवर बघायला गेलो. चुना टाकून रेघा आखलेल्या, रेघांच्या पलीकडं विहीर, विहिरीला लागून लिंब. मी स्कूटर स्टँडवर लावायची विसरलो आणि ती पडली.

पाटील वारला होता. त्याचा मुलगा सफारी घालून नकाशा दाखवत होता. त्यानं मला ओळखलं नाही. त्याच्या बापाच्या मापातली जवारी खाऊन वाढलेला माणूस पुढ्यात उभा होता आणि हा त्याला "साहेब, कॉर्नरचा बघा" म्हणत होता. ते साहेब मला गोड लागलं. मी काही सांगितलं नाही.

सुनंदाला जागा पसंत पडली. मी म्हटलं, बाला एकदा दाखवू. तो आला, तू सोबत होतास. बा चुन्याच्या रेघा ओलांडत सगळीकडं फिरला, लिंबाखाली जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "घे की. जागा लई झ्याक. पर मेंढरं कुठं बसायची मंग?"

तो टोमणा नव्हता. तो खरंच येणाऱ्या हिवाळ्याचा विचार करत होता. मी भाड्यानं राहिलो असतो तर निदान ही जागा बंद करणाऱ्यांत माझी भिंत नसती. घेतली तर तुमच्या हिवाळ्याच्या तळावर माझाही पाया पडणार होता. मी नाही घेतली तरी दुसरा घेणारच, हेही दिसत होतं. तेव्हा तू म्हणालास, "बसतील कुठंबी, दादा. तू घे. वैनीचं झाड लागू दे." तुझं वय ते काय होतं! मी तुझ्याकडं न बघता मान हलवली.

खरेदीखत झालं. पाया खणायला अजून वेळ होता. थंडी पडली होती. एका संध्याकाळी कंपनीतून सुटताना निरोप मिळाला की तुमच्या प्लॉटवर मेंढरं आलीत. सुनंदाला घेऊन गेलो. जाळी लागलेली, मेंढरं आत बसलेली, माय तीन दगडांवर भाकरी थापतेय. आणि बा असा हसत पुढं आला, तसा हसताना मी त्याला फार वेळा पाहिला नाही. "आलं बघ, मालक आलं!" तो मायला ओरडून सांगत होता. "आपलाच मालक!"

शेजारच्या प्लॉटवर एका बँकवाल्याचं घर उभं राहिलं होतं. तो नाकाला रुमाल लावून गॅलरीत आला. "काय हो हे? वास किती!" मी हात जोडून त्याला म्हणालो, आजच्या रात्रीपुरतं आहे, उद्या सकाळीच जातील. बाच्या समोर. मग बालाही हळूच म्हणालो, "जरा लवकर निघा." बा म्हणाला, "व्हय, व्हय. उन्हाच्या आत निगतो." त्याच्या आनंदाला यानं काही झालं नाही, किंवा त्यानं तसं दाखवलं नाही.

सकाळी आम्ही पुन्हा गेलो. घोड्या लादून झाल्या होत्या. तू मेंढरं रस्त्याला लावली होतीस. बा मात्र प्लॉटच्या कोपऱ्यावर थांबला होता. मला वाटलं, चहाला थांबलाय. मग वाटलं, निरोप घ्यायला. बँकवाला पुन्हा गॅलरीत आला होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडं. बाच्या पायाशी घोंगडं पसरलेलं मला दिसलं, आणि तरीही समजलं नाही, बघ. मी खिशात हात घातला आणि असतील त्या नोटा काढून त्याच्यापुढं धरल्या. "राहू दे बा, वाटंनं लागतील."

बानं नोटांकडं पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. लहानपणी माझं गणित चुकल्यावर मास्तर बोलायचे तशा आवाजात तो म्हणाला, "पैशे भाडेकरू देतो, खंडू. मालक जवारी देतो."

माय घोडीवरून म्हणाली, "चला आता, ऊन चढलं." ती मला सोडवत होती. बानं रिकामं घोंगडं झटकलं, घडी घालून खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. आमच्या घरात त्या वेळी जवारी नव्हतीच. आम्ही चक्कीवरून गव्हाचं पीठ आणायचो.

मी स्कूटर काढून चितेगावला गेलो, बंद दुकान उघडायला लावलं, जवारी घेतली आणि रस्त्यात तुम्हाला गाठलं. तुला आठवत असेल. मी पिशवी पुढं केली, तर बानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "वाटंवर घेत नाय कुणी. बसल्या जागी द्यायचं असतंय. पुढल्या साली बसू, तवा दे."

पुढल्या सालापर्यंत घर उभं राहिलं. त्याच्या पुढल्या साली आजूबाजूचे सगळे प्लॉट भरले, कुंपणं झाली, डांबर पडलं. तुम्ही वाट बदललीत. बा त्यानंतर एसटीनं यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, फरशीवरून जपून चालायचा. एकदा तो निघताना मी जवारीचं माप भरून बाहेर आणलं. तो हसला आणि म्हणाला, "आरं, मेंढरं कुठं बसली?" तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बसल्याशिवायचं त्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही.

सुनंदाचा कढीपत्ता आता छपराच्या वर गेलाय. घर चांगलं आहे, उन्हाळ्यात गार राहतं. पाटीवर माझं नाव आहे. पण मला कुणी घरमालक म्हटलं की मला तो कोपरा आठवतो आणि कान तापतात. चाचा आपली सगळी जमीन गमावून बसले होते, तरी भाडेकरूच्या बापापुढं मालकासारखे वागले. माझ्या नावावर जमीन झाली आणि मी खिशात हात घातला.

तेव्हापासून दर साली दिवाळी झाली की मी जवारीचं एक पोतं घरात आणून ठेवतो. आमच्याकडं भाकरी आठवड्यातून एखादीच होते. पोत्याला कीड लागते, सुनंदा बडबडते, उन्हात घालते, पुन्हा भरते. फेकून दे असं मात्र ती कधी म्हणाली नाही.

त्या फोनवाल्या पोराला मी आता हेच सांगणार आहे. भाड्यानं राहा नाहीतर घर घे, तुझं तू बघ. पण घेतलंस तर दाराशी येऊन कोण उभं राहणार आहे आणि त्याला काय द्यायचं असतं, ते आधी शिकून घे.

आणि भिवा, तुझ्याकडं आता थोडीच मेंढरं उरलीत म्हणे. ती सगळी नको, फाटकाच्या आत कढीपत्त्यापासून पायरीपर्यंत मावतील तेवढी घेऊन ये. टेम्पोनं आण. सुनंदाशी बोलणं झालंय, बँकवाल्याला काय सांगायचं ते ती बघणार आहे. एक रात्र बसव. सकाळी निघायच्या आधी पायरीपुढं बाचं घोंगडं पसर. या वेळी मी खिशात हात घालणार नाही.