आगोटीची खोटी यादी

बंदरावर तिकिटांच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नसेल, तर त्याने दुसरा धंदा बघावा. समोर चाळीस माणसं, त्यांच्या कोंबड्या, नारळाची पोती, आंब्याच्या करंड्या आणि सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न, "मास्तर, बोट कवा येनार?" मुंबईकडे जाणारी बोट अजून श्रीवर्धनहूनसुद्धा सुटलेली नसायची. मी खिडकीतून मान बाहेर काढून, कपाळावर हात आडवा धरून, राक्षसाच्या दरबारात शोभेल अशा आवाजात गर्जायचो, "तो बघा धूर!" चाळीस माणसं धूर बघायला धक्क्याच्या टोकाशी पळायची आणि मला अर्धा तास शांतता मिळायची. काहींना तर खरोखरच धूर दिसायचा.

आवाज असा असल्यामुळे उत्सवाच्या नाटकात राजा आणि राक्षस मीच. एकदा राणीही झालो, पण मिशी काढायला नकार दिला म्हणून पदर नाकापर्यंत ओढून तीन अंक काढले.

हे सांगायचं कारण एवढंच, की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मेहनतीचं खोटं मी बोललो नाही, लिहिलं. त्याची गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत, धक्क्यावर, नाटकाच्या तालमीत कितीतरी वेळा सांगितली आहे. लोक ठसका लागेपर्यंत हसतात. मी एका ठरावीक जागी थांबतो. आज त्या जागेच्या पुढचंही लिहितो.

आमच्याकडे वैशाख संपत आला, की समुद्र बंद होतो. बोट थांबायची ती नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावरच पुन्हा सुरू व्हायची. म्हणून तीन महिन्यांचं सगळं सामान आधीच भरून ठेवायचं. त्याला आम्ही आगोट म्हणतो. मीठ, मिरची, गूळ, तेल, सुकी मासळी, कोळसा. आगोटीत जे राहिलं ते राहिलं. नंतर वाणी मागेल तो भाव, आणि तोही माल असला तर. मला आगोटीची धास्ती दुपटीने, कारण बोट नाही म्हणजे तिकिटं नाहीत, आणि तिकिटं नाहीत म्हणजे तीन महिने अर्धा पगार.

त्या वर्षी बायकोचे दिवस श्रावणात भरणार होते.

ही दुसरी खेप. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही आमच्याच घरी झालं होतं, तीन वर्षांपूर्वी, भर आषाढात. मुलगा. बायकोला ताप भरला, दूध आटलं. कुणीतरी सांगितलं, डब्याचं दूध मिळतं, ते पाजा. मी गुडघाभर पाण्यातून बोर्लीच्या बाजारात गेलो. वाणी म्हणाला, "डबे होते, संपले. बोट चालू झाली की येतील." बोट चालू झाली तेव्हा डबे आले. मुलगा वीस दिवसांचा होऊन कधीच गेला होता.

तेव्हा या खेपेला मी फाल्गुनातच मांडणी करायला बसलो. वीतभर जीव, त्याला कितीसं लागणार, असं ज्याला वाटतं त्याने एकदा मांडून बघावं. डब्याचं दूध, घुटीचं सामान, अंगाला तेल, धुरीला ओवा आणि शेपा, दुपट्यांना मऊ कापड, ओल्या हवेत उबेला फलालीन, अंथरुणाखाली मेणकापड. शिवाय सुईणीचं लुगडं. मी विड्या सोडल्या. मास्तरला क्षय झाला, अशी गावात आवई उठली. दोघं-तिघं भेटायलाही आले, आणि विड्या घेऊन आले.

पैसे कसेबसे जमत होते. आडवी आली ती आत्या. माझी विधवा आत्या आमच्या घराची कर्तीसवरती. तिने एकदाच सांगितलं, "पोटातल्या जिवाची खरेदी करायची नाही. चिंधीसुद्धा आणायची नाही. सटवाईला कान असतात."

"आत्या, तेल-मीठ तरी आणू ना?"

"तुझ्यासाठी आण. त्याच्यासाठी नाही. आणि ज्याचं नाव घेऊन आणशील त्याच्याच कामी यायला पाहिजे."

बाळ होण्याआधी घ्यायचं नाही आणि झाल्यावर मिळायचं नाही. दोन दिवस मी खिडकीत गप्प बसलो. लोकांना वाटलं, क्षय वाढला. तिसऱ्या दिवशी मला आत्याच्याच बोलण्यात वाट सापडली. ज्याचं नाव घेऊन आणशील! मग नावं आपल्या हातात होती. मी तिकिटांच्या कोऱ्या कागदांतला एक घेतला आणि अशी यादी लिहिली, की सटवाईने कान सोडून डोळे लावले तरी तिला पत्ता लागू नये.

बोर्लीच्या त्याच वाण्याने चष्मा नाकावर ओढून ती मोठ्याने वाचली.

"फलालीन दोन वार, आत्याच्या गुडघ्यांसाठी. मास्तर, आत्याला गुडघे किती?"

"दोनच."

"मग एका वारात चार गुडघे निघतील."

"थंडी फार वाजते त्यांना."

"वैशाखात?" तो पुढे सरकला. "मलमल पाच वार, नारळाचं दूध गाळायला. गावजेवण आहे काय? मेणकापड, तिकिटांच्या पेटीवर टाकायला. ठीक. वेखंड, वह्यांना कसर लागू नये म्हणून. हे मात्र खरं वाटतं. खुळखुळा एक, नाटकाच्या सामानात." त्याने चष्मा काढला. "कुठलं नाटक?"

"राक्षसाचं."

"राक्षस खुळखुळा वाजवतो?"

"लहानपणीचा प्रवेश आहे."

दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. वाणीही हसत होता, पण शेवटची ओळ त्याने मोठ्याने वाचली नाही. डब्याचं दूध, पाहुण्यांच्या चहाला. तो उठला, स्टूल ओढून वरच्या फळीवरचा डबा काढला, स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "खुळखुळ्याचे पैसे नको. नाटकाला आमची वर्गणी."

सामान घरी आलं. आत्याने फलालीन हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, "बरं," म्हणाली आणि पेटीत ठेवलं. मी यादीची घडी करून पेटीच्या झाकणात खोचली. दोन दिवसांनी हंगामातली शेवटची बोट गेली. मी पहिल्यांदाच तिच्याकडे पाठ करून निवांत घरी आलो.

श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात मुलगी झाली. सुईण हात पुसत ओटीवर आली. "मास्तर, लेक झाली. आवाज तुमच्यावानी हाय. बोटीला भोंगा नको आता."

बायकोला भरपूर दूध होतं. मी पेटीकडे बोट दाखवलं, तर आत्याने मान हलवली. "बाराव्या दिवसापर्यंत जुनेरच. बारशाला नवं." शेजारच्या पाच घरांतून मागून आणलेल्या जुन्या लुगड्यांत माझी लेक गुंडाळलेली. मला काय, चार दिवस थांबायला मी तयार होतो. सामान घरात होतं. मी दिवसातून दोनदा पेटी उघडून नुसता डब्यावरून हात फिरवून यायचो.

सहाव्या दिवशी सटवाईची पूजा. त्या रात्री ती येते आणि मुलाचं नशीब लिहून जाते, म्हणून पाटाशी कोरा कागद आणि बोरू ठेवायचा. मी बंदरावरच्या कोठीचं छप्पर गळत होतं ते बघायला गेलो होतो. आत्याने घरात कागद शोधला. पावसाळ्यात कोरा कागद मिळणं कठीण. तिला पेटीच्या झाकणात एक घडी सापडली. आत्याला अक्षर येत नव्हतं. घडी बाहेरून कोरी, म्हणजे कागद कोरा. तिने तो पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, शेजारी बोरू ठेवला.

सकाळी बायकोने तो कागद उघडला. तिला वाचायला मीच शिकवलं होतं, रिकाम्या पावसाळ्यांत. मी ओटीवर दात घासत होतो, तर आतून हसण्याचा आवाज. आधी फुस्स, मग खळखळून. दारातून डोकावलो. लेक छातीशी आणि ही गदागदा हलतेय.

"अहो, बघा तरी सटवाईने काय लिहून ठेवलंय! आत्याबाईंचे गुडघे! मुलीच्या नशिबात आत्याबाईंचे गुडघे!"

"आणखी काय लिहिलंय?" मी तोंडातली राखुंडी सांभाळत विचारलं.

"पाहुणे फार येणार. आणि ही नाटकात जाणार."

हसून हसून तिने पोट धरलं. दुखतंय, दुखतंय, म्हणत पुन्हा हसली. मांडीवरची लेक हेलकावे खात दूध पीत राहिली.

पंगतीत मी इथे थांबतो.

आठव्या दिवशी दुपारी लेकीने दूध ओढायचं सोडलं. आधी वाटलं, झोपेत आहे. मग दिसलं, की तिला तोंड उघडताच येत नाही. संध्याकाळपर्यंत अंग लाकडासारखं ताठ व्हायला लागलं. सुईण आली, तिने हनुवटीला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्ये न्हाय आपल्या हातचं." मी सगळं सामान पेटीतून काढून जमिनीवर मांडलं. फलालीन, मलमल, वेखंड, डबा. एकेक वस्तू उचलून बघत होतो. तिला झालं होतं त्यावरचं माझ्या यादीत काहीच नव्हतं.

नवव्या दिवशी ती गेली. नाव ठेवायचं होतं, ते राहिलं. मागून आणलेल्या जुनेरातच तिला नेलं. नवं कापड पेटीतच होतं.

आत्या मला काही बोलली नाही. त्याचाच मला धाक वाटत राहिला. शेवटी मीच पडवीत बायकोजवळ बोललो. "मी आधी घ्यायला नको होतं."

ती तांदूळ निवडत होती. "मागच्या खेपेला काय घेतलं होतंत?"

मी दुसरं काढलं. ते आतल्या आत जास्त खात होतं. "तो कागद तिथे गेला. सटवाईने वाचलं असेल, या घरात बाळाचं म्हणून काहीच नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "सटवाईला वाचता येत असतं, तर तुमचं खोटं तिला कळलं असतं. अख्ख्या गावाला कळतं." आणि पुन्हा सूप उचललं.

पण त्यानंतर तिने जे केलं ते मी बघत राहिलो. तिने ती यादी सांभाळून ठेवली होती. एके दिवशी फलालीन काढलं, लांब पट्ट्या फाडल्या आणि आत्यापुढे बसून तिचे दोन्ही गुडघे बांधले. आत्या पट्टीवर हात ठेवून म्हणाली, "तू आणलंस तेव्हाच मला कळलं होतं रे. वीस वर्षांत माझे गुडघे तुला पहिल्यांदाच आठवले." मग तिने पदर डोळ्यांना लावला.

गौरी-गणपतीत मलमलीचा चौकोन फाडून बायकोने नारळाचं दूध गाळलं. मेणकापड स्वतः नेऊन माझ्या तिकिटांच्या पेटीवर घातलं. वेखंडाचे तुकडे करून वह्यांत ठेवले. अजूनही जुनी वही उघडली, की तो घुटीचा वास येतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो म्हणतो, मास्तर, वह्या छान ठेवल्यात.

बोट सुरू झाली तसे मुंबईहून हिशेब तपासणारे साहेब आले. दुपारी आमच्याकडे चहा. बायकोने चुलीपाशी बसून डबा फोडला. पत्रा कापल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. साहेबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "वहिनी, काय चहा आहे! असा मुंबईत मिळत नाही." एरवी अशा वेळी मी साहेबांची नक्कल, बोटीच्या कप्तानाची नक्कल, काहीही करून ओटी दणाणून सोडली असती. त्या दिवशी मी बशीत ओतलेला चहा गार होऊ दिला. बायको दाराआड उभी होती. साहेबांचा पेला रिकामा होईपर्यंत ती हलली नाही.

मग उरला खुळखुळा. तो तिने माझ्या हातात दिला. "हा नाटकाच्या पेटीत ठेवायचा. तुम्हीच लिहिलंय."

"ठेवतो," मी म्हणालो.

पुढे आम्हाला मूल झालं नाही. आत्या गेली, तेव्हाही तिच्या गुडघ्यांवर फलालीन होतं. नाटकं अजून होतात. आता मी राक्षस कमी आणि म्हातारे राजे जास्त करतो. दर वर्षी नाटकाची पेटी उघडताना कुणीतरी पोरासोरांच्या प्रवेशासाठी खुळखुळा मागतं, आणि मी सांगतो, आपल्याकडे नाही.

तो खिडकीतल्या गल्ल्यात आहे, मागच्या बाजूला. गर्दीत घाईघाईने गल्ला ओढला, की वाजतो. मग खिडकीसमोरचं एखादं पोर आईच्या कडेवरून वाकून बघतं आणि बाई विचारते, "मास्तर, काय वाजतंय वो?"

"सुट्टे पैसे," मी सांगतो. "तो बघा धूर!"