आधी तपासते, अण्णा

साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्यात फ्लॉप्यांचा डबा. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. शाळा-कॉलेजांत नुकते कुठे कॉम्प्युटर येऊ लागले होते आणि त्यांच्या मागोमाग व्हायरसही. व्हायरस म्हणजे फ्लॉपीतून चोरपावलांनी शिरून साठवलेलं सगळं पुसून टाकणारा प्रोग्राम. त्यापासून कसं जपायचं हे मुलांना शिकवतील असे शिक्षक मला सातारा-सांगलीत तयार करायचे होते. एकदा मनावर घेतलं की मी मागे हटत नाही, हा माझा जुना रोग. कंदी पेढा तोंडात टाकला आणि मेढ्याची गाडी पकडली.

मेढ्याचा रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो. भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी पडली होती. शाळेत शिक्षक वाट बघत होते. मी मशीन सुरू केलं आणि लाइट गेली. "आता दुपारच्यालाच," कोणीतरी शांतपणे सांगितलं. मी चिडलो, पण परत थोडाच जाणार होतो! फळ्यावरच शिकवायला घेतलं. नियम एकच होता: फ्लॉपी कोणाचीही असो, आधी तपासणीचा प्रोग्राम चालवायचा, मगच ती उघडायची.

विज्ञान शिकवणारे एक वयस्कर गुरुजी उठले. "आवं सर, नियम लय चांगला हाय. पर हेडमास्तरांनी फ्लॉपी दिली, तर 'तपासतो' म्हनायचं कसं? मानूस म्हनंल, माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?"

मी व्हायरस कसा पसरतो ते पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचा प्रश्न तसाच राहिला हे मलाही कळत होतं. जेवायला त्यांनी मला घरी नेलं. भाकरीबरोबर खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) होता. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. "हे बी तपासून खायचं हुतं, सर," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कराडहून विट्याला वडापने (माणसं कोंबून नेणारी जीप) निघालो. वाटेत उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली, नंतर टायर बसला. स्टेपनी बदलेपर्यंत आम्ही सगळ्यांनी बांधावर बसून ऊस खाल्ला.

विट्याच्या शाळेत कांबळे बाई भेटल्या. तालुक्यातल्या बाकीच्या शिक्षकांना पुढे त्याच शिकवणार होत्या आणि त्या दिवसाचा पहिला वर्गही त्यांनीच घ्यायचा होता. नोकरी मात्र तात्पुरती. "कायम करणं अण्णांच्या हातात हाय," त्या हळूच म्हणाल्या. अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांची उमर कोइमतूरला गलाईच्या दुकानात (जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याचा धंदा) गेली होती. विट्यात घरटी कोणी ना कोणी या धंद्यात असतं.

वर्ग ऐन रंगात असताना हेडमास्तरांना बरोबर घेऊन अण्णा आले. खिशातून त्यांनी फ्लॉपी काढली. "पोरानं शाळेला धाडलीया. गणितं शिकवतीया म्हनं. लावा."

बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. "आधी तपासते, अण्णा."

"माझ्या पोराची हाय, बाई."

"व्हय, अण्णा. सगळ्यांच्याच तपासते."

'राहू द्या' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, कारण नोकरी बाईंची जाणार होती, माझी नाही. पण त्या नमल्या असत्या तर समोरचे सगळे शिक्षक नमायलाच शिकले असते. मी बाकाची कड धरून बसून राहिलो. तपासणी कूर्मगतीने चालली होती. आत व्हायरस निघावा असं मला मनापासून वाटत होतं.

"काय घावलं?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाई. चांगली हाय."

"मग उगं चारचौघांत... उद्या आनली तर परत तपासनार?"

"व्हय, अण्णा." बाईंनी शब्द बदलला नाही.

अण्णा बाकावर टेकले. म्हणाले, "माझा थोरला भाऊ दुकानात सोनं घिऊन यायचा. कसोटीवर घासल्याबिगर मी घेत न्हवतो. पयल्यांदा लय रुसला."

"चोख निघायचं?" मी विचारलं.

"दर खेपंला. म्हनून काय घासायचं सोडलं न्हाई." मग ते हेडमास्तरांकडे वळले. "बाईंचं कायम करायचं ऱ्हायलंय न्हवं? येत्या बैठकीत घ्या." आणि बाईंना म्हणाले, "लावा आता गणितं."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून तोच प्रसंग घोळवत होतो. माझं म्हणणं खरं ठरायला मला व्हायरस हवा होता. बाईंना त्याची गरज पडली नाही. आता मी कुठल्याही वर्गात सगळ्यात आधी एक चांगली फ्लॉपी तपासून दाखवतो. त्यात काहीच सापडत नाही, शिक्षक कंटाळतात, मागच्या बाकावर कोणी जांभई देतं. मी तपासणी पुरी होऊ देतो.