फार्माकोलॉजीच्या पुस्तकातले गेरूचे ठिपके

अंगात येणं, गंडेदोरे, अमावस्या... या सगळ्याची मी आयुष्यभर टर उडवली आहे. आजही उडवते. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय, पण घडलं ते घडलं.

साल २००१. मी शिरूरला डी.फार्म करत होते, घर दौंड तालुक्यात खुटबावला. फार्माकोलॉजी दोनदा राहिला होता. यंदा राहिला तर शिक्षण बंद, असं आबांनी – माझ्या वडिलांनी – सांगून टाकलं होतं. परीक्षेआधी सुट्टीला घरी आले, तर आबा मेंढरं घेऊन लांब गेलेले. घरात मी आणि आई दोघीच. धास्तीपोटी मी ते जाडजूड इंग्रजी रेफरन्स बुक जवळजवळ सगळंच पेन्सिलने अंडरलाइन करून टाकलं. आईला अक्षरओळख नाही, तरी ती हसली.

"समद्याच मेंढरांना गेरू लावलास, आता आपलं कंचं ते कसं वळखायचं?"

दोन कळप मिसळले तर ओळखू यावीत म्हणून आमच्याकडे मेंढरांना गेरूची खूण करतात. तिचं बरोबरच होतं, पण मी चिडले.

मग मला टायफॉइड झाला. उठून बसता आलं तेव्हा परीक्षेला दोनच दिवस उरलेले. पुस्तक उघडलं – तर समासात कुठेकुठे गेरूचे ठिपके! बोटाने लावलेले.

"आई, वाटोळं केलंस पुस्तकाचं!" मी ओरडले. नको नको ते बोलले.

"तूच सांगितलंस की," ती म्हणाली. "मी वळींवरनं बोट फिरवायची. तू 'हं' म्हणलीस की तिथं लावायची."

मी? तापाने डोळे मिटलेले, तोंड भिंतीकडे... मला काय दिसणार? पण सगळं वाचायला वेळच नव्हता. रडत रडत ठिपक्यांपुरतंच वाचलं.

पेपर हातात आला आणि मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. एक-दोन प्रश्न सोडले तर सगळे ठिपक्यांवरचे! त्यातला एक तर पुस्तकातल्या एका तक्त्याखालच्या बारीक अक्षरातला – जो माझ्या पेन्सिलीतूनही सुटला होता.

पास झाले. आईच्या गळ्यात पडून माफी मागितली. तरी डोक्यातला किडा जाईना. एका दुपारी तिच्या हातात दुसरं पुस्तक दिलं, भिंतीकडे तोंड करून पडले आणि डोळे मिटले. तिने ते उलटंच धरलं होतं, हे मी आधीच पाहिलं होतं. पानं सळसळत राहिली. मला काहीच सुचेना, 'हं' म्हणायचं तरी कुठे?

थोड्या वेळाने तिने पुस्तक मिटलं.

"न्हाई व्हायचं आता. तवा तू बोलत व्हतीस माझ्यासंगं. आता निस्ती तपासतीस."

योगायोग म्हणावा, तर तक्त्याखालची ती ओळ आड येते. आज माझं स्वतःचं मेडिकल आहे, तरी याला उत्तर सापडलेलं नाही. त्या दुपारी मला ताप नव्हता. तरी आईने सवयीने कपाळावर हात ठेवून पाहिला, आणि मी डोळे मिटून तशीच पडून राहिले – तिने तो काढू नये म्हणून.