कडवं

कोथरूडमधल्या एका कॅफेच्या माडीवर त्या रविवारी दुपारी आम्ही नऊजण होतो, त्यातले चौघे नुसते कॉफीसाठी आलेले. समोर दोघांचाच बँड. सहा वर्षं मी त्यांना अशाच छोट्या जागांमध्ये ऐकत आलोय. पूर्वी ते पाचजण होते.

कार्यक्रम संपला. गायिका वायरी गुंडाळत होती. मी धीर करून विचारलं, "ते नदीचं गाणं का नाही म्हटलंत?"

तिने गिटारवाल्याकडे पाहिलं. "आपलं होतं का रे ते?"

"असेल. शब्द कुणाला आठवतायत आता!"

बाबा गेले त्या वर्षी हे लोक जिथे जिथे वाजवायचे तिथे मी त्या एका गाण्यासाठी जायचो. त्याच्या आधाराने दिवस काढले. रेकॉर्ड त्यांनी ते कधी केलंच नाही. मी पहिलं कडवं म्हणून दाखवलं. परक्याचं गाणं ऐकावं तशी ती मन लावून ऐकत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "पुढे?"

पुढचं मला आठवेना. दोघं माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. ते गाणं ज्यांच्याकडे असायला हवं होतं, ते आम्ही तिघे तिथेच उभे होतो.