मेश्राम मॅडमचे एकतीस व्हिडिओ

मेश्राम मॅडम आपला व्हिडिओ पहिल्यांदा पाहायच्या तो आवाज बंद करून. दुसऱ्यांदा लॅपटॉपकडे पाठ करून नुसता ऐकायच्या. तिसऱ्यांदा मला बोलवायच्या आणि काच तडकलेल्या माझ्या फोनवर लावायला सांगायच्या. तिन्ही वेळा टिकला तर तो धडा, नाहीतर नाही. वर्ध्याजवळ पिपरी मेघेत त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहायला आले, त्याच आठवड्यात हे पाहिलं. टाकी भरली का, एवढंच विचारायला गेले होते. मॅडम पडद्यावरचं गणित मुक्यानं बघत बसलेल्या. वळल्याही नाहीत. म्हणाल्या, "बस. आवाज नाई, तरी समजते काय पाह्य." टाकीचं विचारायचं राहूनच गेलं.

मी मूळची कोल्हापूरकडची. आठवीत शाळा सुटली, कारण घरी धाकटी भावंडं आणि आई शेतावर. लग्नानंतर नवऱ्याच्या कारखान्यातल्या कामामुळे इतक्या लांब आले. इथं दवाखान्यात आयाचं काम मिळालं, पण कायम व्हायचं तर दहावी पास पाहिजे. हे मी कुणापाशी बोलले नव्हते. मॅडमनी चौथ्या दिवशी काढून घेतलं आणि बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. कागदपत्रांसाठी माझ्याबरोबर दोनदा शाळेत आल्या. घरातल्या भाजीतली एक वाटी रोज मागच्या दारी यायची. माझ्यासाठी कुणी इतकं करावं याची मला सवय नव्हती. मी सतत घाबरलेली असायचे, की आपलं काहीतरी चुकेल आणि हे सगळं बंद होईल.

मॅडम सेलूच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की त्यांच्या फळ्याबद्दल बोलत. नुसत्या हातानं वर्तुळ काढायच्या म्हणे, कंपास ठेवला तरी रेघ हलायची नाही. तो उजवा हात आता थरथरत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे वाढत जाणार. म्हणून त्यांना घाई होती. दहावीचं सगळं गणित, माझ्यासारख्या शाळा सुटलेल्यांसाठी, हात चालतोय तोवर व्हिडिओत घालायचं होतं.

त्यासाठी कोणतं साधन घ्यायचं, हे ठरवण्यात त्यांनी अख्खा मे महिना घालवला. भाचा प्रशांत नागपूरला कॉम्प्युटरच्या कामात. तो रविवारी यायचा आणि लॅपटॉपवर काही ना काही टाकून जायचा. पडदा रेकॉर्ड करणारे चार प्रोग्राम, स्लाइड बनवणारे तीन. मॅडम प्रत्येकात एकच गणित रेकॉर्ड करायच्या, तेच शब्द, तीच चाल. आवाज येऊ नये म्हणून कूलर बंद. वर्ध्याचा मे, आणि बाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन शांतपणे समीकरण समजावतायत. शेजारी बसलेल्या माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ जायचे, त्यांच्या आवाजात मात्र घाम नसायचा.

एका प्रोग्रामनं पडद्याच्या मधोमध आपलं नाव छापलं. तो गेला. दुसऱ्यात माउसचा बाण दिसेना. "मी बोट कुठं ठेवून राह्यली हे पोराले दिसाले नको काय?" तोही गेला. तिसऱ्याची फाइल इतकी जड की माझ्या फोनवर नुसतं गोल गोल फिरत बसलं. प्रशांत म्हणाला, "मावशी, फोनच जुना आहे न तिचा."

"फोन जुना नाई बाबू, तुह्य सॉफ्टवेअर श्रीमंत हाये. जिच्या फोनवर पाह्यचं, निवडन थे."

निवडणार ती म्हणजे मी. आठवीत शाळा सुटलेल्या बाईच्या मतावर निवृत्त मास्तरीणबाई साधनं घेत होत्या किंवा टाकत होत्या, आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवत होत्या. दवाखान्यात दिवसभर 'ए मावशी, इकडं ये' ऐकणारी मी, संध्याकाळी या घरात माझ्या एका शब्दावर गोष्टी ठरत.

शेवटी दोन उरले. एकात आधीच टाइप केलेल्या स्लाइड. ओळी एकामागून एक सरकत यायच्या, मॅडमचा नुसता आवाज. अक्षर सुबक, रंगीत. दुसऱ्यात कोरं पान आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर पेननं लिहायचं, जसं लिहाल तसं पडद्यावर उमटणार. त्यात त्यांचा हात दिसायचा. म्हणजे हात नाही, हाताची थरथर. 'दोन'चं शेपूट करवतीच्या दात्यांसारखं, बरोबरच्या चिन्हाच्या दोन रेघा दोन दिशांना.

"सांग सुनंदा. कोणतं घेऊ?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. लोक ज्या हाताची आठवण काढतात तो हात असा जगासमोर दिसावा, हे मला बघवेना. म्हटलं, "स्लाइडचं बरं, मॅडम. लगेच समजतंय."

"पक्कं?"

"व्हय. सगळं समजलं."

सप्टेंबरपर्यंत एकतीस धडे झाले. प्रत्येक धड्यानंतर त्या विचारायच्या, "समजलं?" आणि मी म्हणायचे, समजलं. वहीत माझ्या नावापुढे खूण पडायची. गणित सोडवायला त्या मला लावत नसत. परीक्षा म्हटलं की माणूस घाबरतो, आधी नुसतं पाहू दे, असं त्यांचं म्हणणं.

मग एका रविवारी सकाळी त्या प्रशांतला म्हणाल्या, आता अपलोड करून टाकू. मी चहाचे कप ठेवत होते. त्यांनी सहज एक कागद माझ्यापुढे सरकवला. पहिल्या धड्यातलं गणित, फक्त आकडे बदललेले. पाच एक्स अधिक तीन वाय बरोबर एकवीस, दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर बारा. मी दोन्ही ओळी लिहून काढल्या. खाली थोडी जागा सोडली. मग उत्तर लिहिलं, एक्स बरोबर तीन. ते मी अंदाजानं घालून बघून काढलं होतं.

मॅडमनी कागद जवळ घेतला. "मंधात वाय होता वं. थो कुठं गेला?"

"तो जातो, मॅडम."

"जातो म्हणजे?"

"आपोआप जातो. स्लाइडमध्ये तो पुसट होतो आणि मग नसतोच."

प्रशांत हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधीपासून नाई समजून राह्यलं तुले?"

वाटलं, आता खोली गेली, फॉर्म गेला. "पहिल्यापासनंच."

"मंग काऊन म्हणे समजलं?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग प्रशांतकडे वळून म्हणाल्या, "तीस वर्षं माह्या वर्गातली पोरं मान हलवत जाय. मले वाटे, काय शिकवतो आपण. किती जणाईनं मले बरं वाटावं म्हणून हलवली असन रे?" माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिनं निदान सांगतलं तरी."

मग त्यांनी एकतीसच्या एकतीस व्हिडिओ पुसून टाकले.

प्रशांत उठून उभा राहिला. "मावशी, काय करून राह्यली? चार महिन्यांचं काम आहे. राहू दे न एका बाजूला, लोकांना चालते असं."

"लोकाईले चालते. हिले नाई चालत. आन मी हिच्यासाठी बनवून राह्यली."

मी रडत होते. इतका मोठा घोळ मी केला आणि त्याची भरपाई तो थरथरता हात करणार होता. मॅडमनी मला पाणी दिलं आणि पेनची पाटी समोर ओढली. "रडणं झालं की सांगजो. पहिला धडा घेऊ. आन आजपासून तुले समजलं म्हणाची बंदी. कुठं नाई समजलं तेवढंच बोलाचं."

डाव्या हातानं उजवं मनगट दाबून त्या लिहू लागल्या. एका ओळीला आधीपेक्षा तिप्पट वेळ. पहिलं समीकरण, खाली दुसरं. मग वजाबाकीची रेघ, वाकडीतिकडी, थांबत थांबत. ती रेघ टोकापर्यंत पोचायच्या आत माझ्या लक्षात आलं की तीन वायमधून तीन वाय वजा केले की काहीच उरत नाही. त्यांनी लिहिण्याआधी मला कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गणिताच्या पुढे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढची ओळ मुद्दाम आणखी सावकाश लिहिली.

फेब्रुवारीत शेवटचा धडा आला, संख्याशास्त्राचा. तोवर हात फार बिघडला होता. रेकॉर्डिंग झालं, माझ्या फोनवर लावलं. आवाज ठणठणीत होता, पण आकडे ओळखू येईनात. सहा आहे की आठ, कळेना. त्यांच्याकडे लिहिणारा दुसरा हात नव्हता हे मला ठाऊक होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, विचारलं मात्र नाही.

मी म्हटलं, "नाही समजलं, मॅडम. अक्षर लागत नाही."

मॅडमनी मान हलवली, जशी एखाद्या बरोबर उत्तराला हलवावी.

"बरं झालं सांगतलं. धर मंग पेन. मी बोलतो, तू लिय."

त्या धड्यात आवाज त्यांचा आणि अक्षर माझं आहे. मध्ये एका बेरजेपाशी मी अडले. मॅडम गप्प बसून राहिल्या. प्रशांतनं ती शांतता कापायची ठरवली, तर म्हणाल्या, "राहू दे. पाहणारीबी तिथीच अडन."

परीक्षेनंतर प्रशांत त्यांना नागपूरला घेऊन गेला. निकाल लागला त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून फोन केला. प्रशांतनं फोन त्यांच्या कानाशी धरला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मॅडम, पास झाले. गणितातपण झाले."

"हं," त्या म्हणाल्या. श्वास घेऊन पुढे विचारलं, "कोणतं सुटलं नाई?"

मी सांगितलं. भूमितीतलं, स्पर्शिकेचं. सोडून आले होते.

"वही हाये काय जवळ?"

वही नव्हती. मी रुग्णाच्या नोंदीच्या कागदाची कोरी बाजू गुडघ्यावर घेतली आणि म्हटलं, "सांगा मॅडम, लिहिते."