उतारावर न्यूट्रल

तुमच्या घरातलं दूध, मीठ, गॅसची टाकी, अंगणात येऊन पडलेली वाळू, हे सगळं ज्यानं ट्रक चालवत आणलं, त्याला तो ट्रक कुणी शिकवला, हा प्रश्न तुम्हाला आयुष्यात एकदा तरी पडलाय का?

मला पडला नव्हता. आणि मी तर प्रश्न विचारणाऱ्या घरात वाढलेला. वडील लातूरच्या मोंढ्यात हमाल. दिवसभर पोती वाहायची आणि संध्याकाळी हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहायची. अंकलिपी हातात यायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ हे शब्द ओळखू येत होते. क्विंटलचं पोतं माणसाच्या पाठीवर देऊ नका, असं सांगणारं पत्रक मी चड्डीत असताना आडतीच्या दारोदार वाटलंय. कॉलेजात मीच लिहू लागलो. एसटीच्या फेऱ्यांवर, वसतिगृहातल्या पाण्यावर, कशाकशावर. सभेत बोलताना माझा आवाज कधी कापला नाही.

ट्रकच्या सीटवर बसल्यावर मात्र माझा डावा गुडघा कापायचा. क्लचवर ठेवलेला पाय शिवणयंत्रासारखा हलत राहायचा.

शिकणं भाग होतं. नांदेडला मावशीच्या ओळखीनं दुधाच्या टँकरवर जागा होती. अट एकच, जड वाहनाचं लायसन्स. आणि लायसन्सच्या परीक्षेला उभं राहायचं तर ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट हवं. पत्रकं लिहिणाऱ्याला लातुरात कुणी कामावर ठेवत नव्हतं, हे मी चार दुकानांच्या पायऱ्या उतरून शिकलो होतो. म्हणून मावशीकडे राहायला आलो आणि बायपासजवळच्या एका स्कूलमध्ये नाव घातलं.

स्कूलचे मालक मूळचे उदगीरकडचे. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांचं पेंडीचं दुकानही होतं. शिकवायला एक उस्ताद होते, पन्नाशीचे, आयुष्य हैदराबाद रस्त्यावर घालवलेले. माझ्याबरोबर शिकणारा हिमायतनगरचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याची छाती पाहून उस्तादांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं आणि माझं पुढारी.

ट्रक जुना होता. बॅटरी उतरलेली असायची, त्यामुळे रोज सकाळी आम्ही दोघं आणि शेजारच्या गॅरेजमधली माणसं मिळून तो ढकलायचो. पैलवान म्हणायचा, “चालवायला आलो का ढकलायला, कळून नाही राहिलं.”

“ढकल लेका,” उस्ताद वरून म्हणायचे. “पुढारी, तू बी लाव जोर. भाषणानं सेल्फ लागत न्हाई.”

पहिल्या दिवशी मी स्टेअरिंगवर बसलो तेव्हा डोळ्यांपुढून बॉनेटच गायब होतं. काचेच्या खाली लगेच रस्ता. डाव्या आरशात माणूस दिसतो आणि एकाएकी दिसेनासा होतो. तो मागे राहिला की चाकाखाली आला, हे कळायला काही मार्ग नाही. पैलवान गाडी अशी हाकायचा की जणू औताला बैल जुंपलेत. मला मात्र प्रत्येक सायकलवाला मेलेला दिसायचा. रात्री मावशीनं वाढलेलं जेवण घशाखाली उतरायचं नाही. ती विचारायची, “कामून रे, जमत नाही का?” मी म्हणायचो, “जमून राहिलं.”

वडिलांच्या पाठीवरचं ओझं मी पाहिलं होतं. पाठीवरचं पोतं माणूस टाकून देऊ शकतो, अगदीच जीवावर आलं तर. ट्रकमध्ये ओझं मागे असतं आणि ते माणसाला पुढे ढकलतं. हा फरक मला पहिल्या आठवड्यातच अंगात कळला. तोही नुसत्या गाडीच्या वजनानं, कारण तोवर ती रिकामीच होती.

मग एके दिवशी ती भरलेली दिसली. सरकी पेंडीची पोती, वर ताडपत्री, दोर आवळलेले. पेंड कंधारला पोचवायची होती.

“आप्पा, हे काय?” मी विचारलं.

“लोडची सवय नको का व्हायला?” आप्पा हसले. “रिकामी गाडी तर कुणीबी चालवतंय.”

धडा आणि भाडं एकाच खेपेत. मला ते खटकलं. शिकाऊ माणसाच्या हातात मालाची गाडी देणं कायद्यात बसत नाही, हे मी बोललोही. उस्ताद म्हणाले, “आलं का पत्रक! बस वर.” मी बसलो, कारण सर्टिफिकेटवर सही आप्पांची होती.

लोह्यापर्यंत पैलवान चालवत होता. पुढे माझी पाळी आली. कंधारच्या अलीकडे रस्ता बराच वेळ उतरत जातो, दोन्ही बाजूंनी रानं, मध्ये वळण. उतार सुरू झाला तसे उस्ताद म्हणाले, “काढ न्यूट्रल.”

हे मला नवं नव्हतं. आमच्याकडे उतार आला की गाडी न्यूट्रल करायची आणि किल्ली बंद करायची, ही ड्रायव्हरची हुशारी समजली जाते. आप्पा डिझेल मोजून टाकायचे. कमी पडलं तर उस्तादांना बोलणी, उरलं तर शाबासकी. म्हणून रिकाम्या गाडीवर आम्ही हे रोज करायचो, उतार संपताना पळत्या गाडीला गिअर टाकून इंजिन पुन्हा लावायचो, आणि उस्ताद म्हणायचे, “उताराला डिझेल लागत न्हाई.” ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिन भरतं, इंजिन बंद केलं की टाकीत असेल तेवढीच हवा, हे स्कूलच्या भिंतीवरच्या तक्त्यावरही छापलेलं होतं. कुणी ते मोठ्यानं वाचत नसे.

“आज नको, उस्ताद,” मी म्हणालो. “लोड हाय.”

“लोड हाय म्हणूनच तर पळंल. काढ.”

“मला भीती वाटून राहिली.”

हे मी खरंच बोललो. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात.

“अरे, सभेत कलेक्टरला शिव्या घालतो म्हणं, अन् उताराला भितो!” पैलवान मागून म्हणाला आणि खो खो हसला. उस्तादांनी हात लांबवला, लीवर झटक्यात न्यूट्रलला आणला आणि किल्ली फिरवली.

इंजिनाचा आवाज गेला. त्या शांततेची मला आजही धास्ती आहे. चाकांचा आवाज, ताडपत्रीची फडफड, आणि मागच्या पोत्यांचं वजन हळूहळू आपल्या पाठीला येऊन टेकतंय अशी जाणीव. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. घाबरलेला माणूस पंप मारल्यासारखा ब्रेक मारतो आणि प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च करतो. हवेचा काटा खाली आला. मी परत दाबला. पाय तळाला गेला आणि गाडीनं काही ऐकलं नाही.

“उस्ताद, ब्रेक!”

“मार की!”

“न्हाई लागत!”

त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्यांनी किल्ली फिरवली. सेल्फनं एकदा कण्हल्यासारखं केलं आणि गप्प झाला. बॅटरी उतरलेलीच होती. लीवर गिअरमध्ये ढकलला, तर किरकिर करत बाहेर आला. हँडब्रेक ओढला, त्यानं जळका वास तेवढा आला.

पुढे एक काळीपिवळी जीप चालली होती. आत माणसं कोंबलेली, मागच्या फळीवर तिघं उभी. त्यातली एक बाई आमच्याकडे तोंड करून उभी होती, काखेत पिशवी. मी हॉर्न दाबला. हॉर्नही हवेचाच. घसा बसलेल्या माणसासारखा एकदा घरघरला. बाईला वाटलं असावं की आम्ही बाजू मागतोय. तिनं हातानं खूण केली, या की पुढे.

तिचा चेहरा मोठा होत गेला. तिच्या नाकातली फुली दिसली.

“डावीकडं! डावीकडं घे!” उस्ताद ओरडले आणि माझ्या हातांवर त्यांचे हात आले. आम्ही दोघांनी मिळून ते स्टेअरिंग ओढलं. पैलवान मागे “महादेवा, महादेवा” करत होता. गाडी रस्ता सोडून खाली गेली, शेताचा धुरा, म्हणजे बांध, मोडला, माझं डोकं टपाला आदळलं, आणि मग सगळं मऊ झालं. नुकतंच पाणी दिलेलं हरभऱ्याचं काळं रान होतं. चाकं मातीत रुतत गेली, रुतत गेली, आणि थांबली. ट्रक एका अंगाला कलला, पण उलटला नाही.

पाण्याचा पाइप हातात घेऊन एक म्हातारा बांधावरून आला. त्यानं आधी आम्हा तिघांना वरून खाली पाहिलं. हातपाय जागेवर आहेत याची खात्री झाल्यावर म्हणाला, “मी हरभरा पेरला होता बाप्पा. तुमी ट्रक पेरून राहिलाव का?”

पैलवान हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मला रडूही येईना. मी उतरलो, धुऱ्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला. उस्तादांना बिडी पेटवता येत नव्हती. काडी विझायची, दुसरी काढायचे. शेवटी न पेटवताच ती तोंडात धरून म्हणाले, “मला बी असंच शिकवलं होतं रे पुढारी. पहिल्याच महिन्यात.”

त्या वाक्याचा राग मला तेव्हा आला नाही. नंतर आला, आणि अजून गेलेला नाही. या माणसानं किती जणांना शिकवलं असेल? ते सगळे आत्ता कुठल्या उतारावर असतील?

दुपारी आप्पा ट्रॅक्टर घेऊन आले. म्हाताऱ्याशी हात जोडून बोलले, त्याची समजूत काढली. मग मला बाजूला घेतलं. आवाज नेहमीसारखाच मऊ.

“तुझा पाय घसरला, बाळा. नवशिक्याचं होतंय तसं. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. सर्टिफिकेट उद्या सकाळी घेऊन जा. टँकरची जागा वाट बघत न्हाई कुणाची.”

मला लायसन्स हवं होतं. हे मी लपवत नाही. मावशीनं टँकरवाल्याला शब्द दिला होता. आणि मी काही फार मोठी गोष्ट करत नव्हतो, माझ्याच पायाची बदनामी करायची होती. पण मी हो म्हटलं असतं तर उद्या दुसरा कुणी पेंड घेऊन याच उतारावर न्यूट्रलला आला असता, आणि भिंतीवरचा तक्ता तसाच लटकत राहिला असता.

“पाय घसरला न्हाई, आप्पा,” मी म्हणालो. माझा आवाज कापत होता, तो लपवायला मला जमलं नाही. “किल्ली बंद होती. गाडीत तुमची पेंड होती.”

“हाव,” पैलवान मागून म्हणाला. त्याचं नाक अजून लाल होतं. “मी बघून राहिलो होतो.”

उस्ताद रुतलेल्या चाकाजवळ साखळी बांधायला वाकले. आप्पा काही रागावले नाहीत. “बरं,” म्हणाले, “मग दुसरी शाळा बघा.”

आरटीओत मी तक्रार दिली. ती घेतली गेली. पुढे काय झालं, हे विचारायला गेलो की ज्यांना माहीत आहे ते साहेब जागेवर नसतात. टँकरची जागा गेली. मी लातूरला परतलो आणि दुसऱ्या स्कूलमध्ये पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच, टायर वाजवून बघणं, आरसे, रिव्हर्स. शिकवणारा तरुण होता, शर्ट इस्त्रीचा, बोलणं नेमकं. मला बरं वाटलं.

मुरूडच्या बाजूला पहिला उतार लागला आणि तो म्हणाला, “न्यूट्रल काढा.”

कंधारच्या रानात वाटली नव्हती एवढी भीती मला त्या क्षणी वाटली. म्हणजे ते एक उस्ताद नव्हते, एक आप्पा नव्हते. मराठवाड्याच्या सगळ्या उतारांवर गाड्या अशाच आवाज बंद करून सुटलेल्या होत्या.

“गिअरमध्येच नेतो,” मी म्हणालो.

“डिझेल काय तुमचे वडील देतात?”

“वडील हमाल आहेत. ते पोती वाहतात. गिअरमध्येच नेतो, सर. नाहीतर मी इथं उतरतो.”

त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. इंजिन घुमत राहिलं, गाडी सावकाश उतरली. लायसन्स मिळालं. आता मी देवणीच्या बाजूनं दूध आणतो. उतार लागला की डावा गुडघा अजून हलतो. हलू दे. भरलेल्या गाडीवर भीती न वाटणारा ड्रायव्हर मला नको आहे, आणि तुम्हालाही नसावा.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या वेळी ट्रकच्या, टेम्पोच्या, जीपच्या ड्रायव्हरशेजारी बसाल आणि उताराला इंजिनाचा आवाज एकदम गेला, तर खिडकीबाहेर बघत बसू नका. “दादा, चालू करा, गिअर टाका,” एवढं मोठ्यानं म्हणा. तो हसेल, तुम्हाला भित्रा म्हणेल. तरी म्हणा. आणि गाडी तुमची असेल, डिझेल तुम्ही मोजून देत असाल, तर हे वाचून झाल्यावर ड्रायव्हरला फोन लावा आणि सांगा की उताराला जेवढं लागेल तेवढं जाळ, मी विचारणार नाही.